सहाच्या सहा बाण खाली का गेले? फेकलेली वस्तू, गुरुत्वाकर्षण आणि नेम

प्रत्यंचा
नमस्कार मंडळी. आठ महिन्यांपूर्वी तिरंदाजी शिकायला लागले. १८ मीटरवर हात बऱ्यापैकी बसला, म्हणून परवा प्रशिक्षकांनी निशाण ३० मीटरवर नेलं. बाकी काहीच बदललं नाही. तेच धनुष्य, तेच बाण, दोरी ओढून हनुवटीखाली टेकवायची तीच जागा, साइटची, म्हणजे धनुष्यावर नेम धरायला लावलेल्या पट्टीची, पिन पिवळ्या वर्तुळाच्या मधोमध. सहा बाण सोडले आणि सहाच्या सहा निशाणाच्या पाटाखालून जाऊन मागच्या जाळीत अडकले. डावी-उजवीकडे फारसे पसरलेही नव्हते. सगळे एका ठिकाणी, पण खाली.

मला वाटलं सोडताना माझा हात खचतोय. प्रशिक्षक म्हणाले, "हात ठीक आहे. बाण जास्त वेळ हवेत होता, एवढंच." हे वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून घरी येऊन कागद-पेन घेऊन बसले. बारावीनंतर पहिल्यांदाच.

मैत्रिणीने फोनवर स्लो मोशनमध्ये १८ मीटरचे बाण टिपले होते. सेकंदाला २४० फ्रेम. बाण दोरीवरून सुटल्यापासून निशाणाला लागेपर्यंत ९६ फ्रेम मोजल्या, म्हणजे ०.४ सेकंद. १८ भागिले ०.४, वेग सेकंदाला ४५ मीटर.

आता पडण्याचा हिशोब. वस्तू सोडल्यापासून सेकंदांचा वर्ग गुणिले ४.९ केलं की ती किती मीटर खाली आली ते मिळतं. ०.४ चा वर्ग ०.१६, म्हणजे ७८ सेंटिमीटर. १८ मीटरवर, अगदी पिवळ्यात लागणारा माझा बाणसुद्धा, ज्या दिशेने सुटला त्या रेषेपासून ७८ सेंटिमीटर खाली येऊनच तिथे पोचत होता! आठ महिने मी समजत होते की जवळच्या अंतरावर बाण सरळ जातो आणि लांबवर गेला की जोर संपून पडायला लागतो. तसं काही नाहीच. दोरीवरून सुटला त्या क्षणापासून तो पडतोय. साइटमुळे माझं धनुष्य आपोआप थोडं वर रोखलं जात होतं आणि ते मला कधी कळलंच नव्हतं.

३० मीटरला वेळ लागतो ०.६७ सेकंद. पडणं २ मीटर १८ सेंटिमीटर. अंतर दुपटीपेक्षा कमीच वाढलं, पण पडणं पावणेतीन पट झालं. माझी साइट १८ मीटरची, ती बाणाला १८ मीटरमागे ७८ सेंटिमीटर चढ देते. त्याच चढाने ३० मीटरला १ मीटर ३० सेंटिमीटर मिळतात. २१८ वजा १३०, उरले ८८. म्हणजे बाण मध्यापासून ८८ सेंटिमीटर खाली. पाटाची खालची कड मध्यापासून साधारण ६५ सेंटिमीटरवर आहे. बाण पाटाखालून गेले ते बरोबरच होतं!

खरं सांगते, हे आकडे जुळले तेव्हा अंगावर काटा आला. माझा हिशोब कुणी तपासून द्याल का? आणि इथे इतर खेळांतले लोक आहेत. गोळाफेक, भालाफेक, बास्केटबॉल. तुमच्याकडे हा पडण्याचा हिशोब कसा बसवतात, तेही वाचायला आवडेल.

मोजपट्टी
प्रत्यंचाताई, हिशोब उत्तम मांडलात. फक्त एक गोष्ट राहिली. तुमचा डोळा आणि बाण एका उंचीवर नाहीत. दोरी हनुवटीखाली टेकवता म्हणजे बाण डोळ्याच्या साधारण १२ सेंटिमीटर खालून सुटतो. १८ मीटरला मध्यावर लागायचं तर त्याला ७८ अधिक १२, म्हणजे ९० सेंटिमीटरचा चढ हवा, आणि साइट तेवढा देतच होती. त्या चढाने ३० मीटरला १५० मिळतात. त्यातून सुरुवातीचे १२ वजा, पडण्याचे २१८ वजा. बाण ८० सेंटिमीटर खाली. उत्तर तेच, पाटाखालून.

यावरून पिन किती हलवायची तेही काढता येतं. १८ मीटरला चढ ९० भागिले १८००, म्हणजे ०.०५. ३० मीटरला २३० भागिले ३०००, म्हणजे ०.०७७. फरक ०.०२७. डोळ्यापासून पिन साधारण ८५ सेंटिमीटरवर धरली तर पिन सुमारे २.३ सेंटिमीटर सरकवावी लागेल. आणि सरकवायची खाली. नवीन माणूस इथेच गोंधळतो. बाण खाली लागतोय म्हणून तो पिन वर घेतो आणि पुढचा बाण आणखी खाली जातो. पिन खाली घेतली की ती पुन्हा पिवळ्यावर आणायला धनुष्याचा हात वर उचलावा लागतो. चढ मिळतो तो त्या हातामुळे.

प्रत्यंचा
१२ सेंटिमीटरचं लक्षातच आलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. आणि हो, प्रशिक्षकांनी शेवटी पिन जिथे आणली ती जागा आज पट्टीने मोजली. जुन्या खुणेपासून सव्वादोन सेंटिमीटर खाली आहे.

निवांत_वाचक
छान धागा. माझे दोन प्रश्न, शाळकरी वाटतील पण विचारतोच. एक, बंदुकीची गोळी तरी सरळ जाते ना? दोन, जड वस्तू लवकर पडते असं डोळ्यांना दिसतं. लोखंडी गोळा फेकला की लगेच जमिनीवर येतो, चेंडू लांब जातो. मग वजन तुमच्या हिशोबात कुठेच का नाही?

मोजपट्टी
पहिल्याचं उत्तर. १० मीटर एअर रायफल घ्या. छरा सेकंदाला साधारण १७५ मीटरने निघतो, पोचायला ०.०५७ सेकंद. तेवढ्यात तो दीड सेंटिमीटरहून थोडा जास्त पडतो. कमी वाटेल, पण त्या निशाणावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे ठिपक्याच्या तिसेक पट पडणं. नेमबाजाला ते जाणवत नाही कारण साइट लावताना नळी दृष्टिरेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेली असते. वेग वाढवून आपण पडायला मिळणारा वेळ कमी करतो. पडणं थांबवणं कुठल्याच बंदुकीला जमत नाही.

साठीतला_शिक्षक
दुसऱ्या प्रश्नाला शाळकरी म्हणू नका, माणसाला त्याचं उत्तर मिळायला फार काळ लागला. गोळा लगेच खाली येतो कारण तो आपल्याला जोरात फेकता येत नाही. ७ किलो २६० ग्रॅमच्या गोळ्याला आणि मुठीतल्या चेंडूला सारखाच वेग, सारखाच कोन दिला आणि हवा बाजूला ठेवली, तर दोघांचा मार्ग एकच. जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते हे खरं, पण जड वस्तू हलायलाही तेवढीच जास्त जड. दोन्ही परिणाम एकमेकांना बरोबर छेदतात. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर, जिथे हवाच नाही, एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. दोन्ही एकदमच टेकले. वर्गात ती चित्रफीत दाखवली की मुलं परत परत लावायला सांगायची.

प्रत्यंचाताईंनी लिहिलेली समजूत, की आधी सरळ जातं आणि जोर संपल्यावर पडतं, हीसुद्धा शतकानुशतकं शहाण्या माणसांची समजूत होती. तोफगोळ्याच्या जुन्या चित्रांत तसाच मार्ग काढलेला असतो. एक तिरकी सरळ रेघ, मध्ये छोटंसं वळण, मग सरळ खाली. इटलीतल्या तार्ताल्याने १५३७ साली ४५ अंशांत तोफ सर्वांत लांब मारते असं लिहिलं, तेव्हाही संपूर्ण मार्गाचं गणित हाती नव्हतं. ते गॅलिलिओने बसवलं आणि १६३८ च्या ग्रंथात मांडलं. त्याने एका मार्गाचे दोन भाग केले. आडवी चाल एकसारखी, तिला गुरुत्वाकर्षण हातच लावत नाही. उभी चाल मात्र वरून सोडलेल्या दगडासारखी. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांत ढवळाढवळ न करता चालतात. त्यांची बेरीज म्हणजे अन्वस्त, ज्याला आपण पॅराबोला म्हणतो.

निवांतराव, घरी करून बघा. भिंतीवर मोठा कागद लावून दर ५ सेंटिमीटरला आडव्या रेघा मारा. ८० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून चेंडू कागदाला समांतर ढकला आणि फोनने स्लो मोशनमध्ये टिपा. दर २४ फ्रेमनंतर चेंडू किती खाली आला ते लिहून काढा. आकडे काय येतील ते मुद्दाम सांगत नाही.

गोळाफेक_माजी
माझ्या विषयाला हात घातलात म्हणून सविस्तर लिहितो. अकरा वर्षं गोळा फेकला, आता मुलांना शिकवतो.

प्रत्येक नवीन मुलगा पुस्तकातलं ४५ अंश घेऊन येतो. ४५ हे उत्तर सपाट जमिनीचं आहे, जिथून फेकलं त्याच उंचीवर पडणार असेल तेव्हाचं. आमचा गोळा सुटतो साधारण २ मीटर उंचीवरून आणि पडतो जमिनीवर. ही शेवटची उंची त्याला फुकट मिळते, म्हणून कोन थोडा खाली चालतो. वेग सेकंदाला १४ मीटर धरला तर सर्वोत्तम कोन येतो ४२ च्या किंचित वर आणि फेक २१.९ मीटर.

पण मैदानावर मोठमोठे खेळाडू बघा, बहुतेकांचा कोन ३५ ते ३८ च्या आसपास असतो. गणित त्यांना कळत नाही असं आहे का? मीही सुरुवातीला असंच समजून मुलांचे कोन वर ढकलत होतो, आणि त्यांच्या फेकी कमी होत होत्या. माझ्या हातून एका गुणी मुलाचं अख्खं वर्ष त्यात गेलं, ते मला अजून लागतं.

कारण असं. गोळा जितका उभा ढकलाल तितकं त्याचं वजन तुमच्या ताकदीतून वजा होतं. शिवाय माणसाचा खांदा आणि छाती समोर ढकलायला जास्त बळकट, वर ढकलायला कमी. म्हणजे कोन वाढवला की वेग घटतो. हे लक्षात घेऊन पुन्हा हिशोब करा. १४ च्याच वेगाने ३७ अंशांत फेकला तर २१.६ मीटर, नुकसान फक्त ३० सेंटिमीटर. पण कोन उतरवल्यामुळे वेग १४ चा १४.३ झाला, तर फेक जाते २२.४ वर. अर्ध्या मीटरचा फायदा! ४५ च्या आसपास कोनाची चूक फारशी महाग पडत नाही, वेगाची पडते. वेग एक टक्का घटला की लांबी जवळजवळ दोन टक्के जाते.

म्हणून मी आता कोनाचं नावच घेत नाही. मुलाला त्याच्या अंगाला जमेल त्या कोनात जोर लावू देतो आणि टेपने मोजतो.

भाल्याबद्दल थोडकं. तिथे हवा मधे येते आणि गोष्ट पार बदलते. १९८४ साली उवे होन यांनी भाला १०४.८० मीटर फेकला, मैदानं अपुरी पडायची वेळ आली. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला. टोक लवकर खाली झुकू लागलं, फेकी आखूड झाल्या आणि भाला आडवा पडायच्या ऐवजी टोकावर पडू लागला.

अर्धवर्तुळ
गोळाफेकवाल्यांनी कुठली चूक किती महाग पडते हा मुद्दा काढला तो बास्केटबॉलमध्ये फार कामाचा आहे. फ्री थ्रो घ्या. रेषेपासून रिंगचा मध्य आडवा ४.२ मीटर, रिंग ३.०५ मीटर उंच, चेंडू हातातून सुटतो समजा २.१ मीटरवर. कमीत कमी जोरात टोपलीपर्यंत पोचवणारा कोन निघतो साधारण ५१ अंश. त्या कोनाची खुबी अशी की तिथे कोन एखाद अंशाने इकडेतिकडे झाला तरी चेंडू जवळपास तिथेच येतो. सपाट मारणाऱ्याला ही सवलत नसते. २० अंशांत लांब फेकणाऱ्याची एका अंशाची चूक लांबीत चार टक्क्यांची होते, ४५ ला तीच चूक मोजण्याइतकीही राहत नाही.

आणि रिंग ४५ सेंटिमीटरची असली तरी चेंडूला ती तेवढी कधीच मिळत नाही. चेंडू ३० अंशांत खाली येत असेल तर त्याच्या बाजूने ती फक्त साडेबावीस सेंटिमीटर उघडी दिसते, आणि चेंडू स्वतः २४ चा. कडेला न लागता आत जाणं अशक्यच. ५१ अंशांत सोडलेला चेंडू ३९ च्या आसपास खाली येतो, तेव्हा उघडी जागा २८. थोडं आणखी उंच सोडलं तर दार आणखी उघडतं, पण जोर वाढवावा लागतो आणि जोराच्या चुका वाढतात. आमच्या सरावात उंच सोडा, उंच सोडा असं ओरडणं ऐकू येतं त्यामागे हे आहे.

निवांत_वाचक
शिक्षक सर, काल रात्री मुलीला घेऊन प्रयोग केला. कागद दोनदा निसटला, चेंडू पलंगाखाली गेला, पण शेवटी नीट एक फेक मिळाली. चेंडूच्या खालच्या कडेवर बोट ठेवून मुलगी रेघा वाचत होती आणि मी लिहीत होतो. ५ सेंटिमीटर, मग १९ आणि २० च्या मध्ये, मग ४४, मग ७८. मला त्यात काही दिसलं नाही. तिनेच एकेका टप्प्यातला फरक काढला. ५, १५, २४, ३४. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे एक, तीन, पाच, सात आहे. पाच-पाचच्या पटीत."

मग तिने चेंडू दुप्पट जोरात ढकलायला लावला. तो भिंतीच्या पार टोकाशी गेला, पण उभे आकडे तेच आले. तेच! ते बघून ती गप्प झाली, आणि मीही.

साठीतला_शिक्षक
लेकीला माझा आशीर्वाद सांगा. एक, तीन, पाच, सात हा गॅलिलिओचा विषम संख्यांचा नियम. त्याच्याकडे फोन नव्हता म्हणून त्याने उतरत्या फळीवरून गोळे घरंगळवून पडणं हळू केलं आणि मोजलं. तिने तो स्वतः शोधला असंच तिला सांगा, कारण ते खरं आहे.

डोंगरवाट
मी फील्ड तिरंदाजी करतो, चढउतारावरची. तिथली एक गोष्ट नवख्यांना पटता पटत नाही. वरच्या बाजूचं निशाण असो की खालच्या, दोन्हीकडे सपाटीपेक्षा कमी चढ द्यावा लागतो. सगळ्यांना वाटतं वर मारताना जास्त उचलावं, कारण बाणाला चढायचंय. पण गुरुत्वाकर्षण ओढतं ते सरळ खाली, आणि उतारावर ती सगळी ओढ नाही, तिचा काही भागच बाणाला नजरेच्या रेषेपासून काटकोनात दूर नेतो. उरलेला भाग त्याच रेषेवर मागे किंवा पुढे लागतो. म्हणून तिरकं अंतर धरायचं नाही, आडवं अंतर धरायचं. ३० अंशांच्या उतारावर ४० मीटरचं निशाण असेल तर साइट साडेचौतीस मीटरची लावा. अगदी उभ्या कड्यांवर हा नियम थोडा ढिला पडतो, पण रोजच्या वापराला पुरतो. हे कळेपर्यंत मी माझे कितीतरी बाण निशाणावरून पलीकडच्या झुडपांत घालवलेत.

मैदानवाली
क्रिकेटमधलं एक. सीमारेषेवरून ७० मीटरची थ्रो सेकंदाला २८ मीटर वेगाने साधारण ३० अंशांतही पोचते आणि ६० अंशांतही. हवा सोडली तर अंतर तेच. पण ३० वाली २.९ सेकंदांत येते आणि ६० वाली पाच सेकंद घेते. तेवढ्यात फलंदाज आणखी एक धाव जवळपास पूर्ण करतो. प्रत्यक्षात हवा उंच थ्रोचा वेग आणखी खाते. म्हणून आम्हाला शिकवतात की सपाट मारा, वाटल्यास एक टप्पा पडू द्या.

निवांत_वाचक
आणखी एक विचारू का? काही गोलंदाजांचा किंवा बेसबॉलच्या पिचरचा वेगवान चेंडू मध्येच वर उठतो म्हणतात. तो खरंच उठतो का?

मोजपट्टी
बेसबॉलचा वेगवान चेंडू सेकंदाला ४२ मीटरने निघून ०.४ सेकंदांत पोचतो. फिरकी नसती तर प्रत्यंचाताईंच्या १८ मीटरच्या बाणाइतकाच पडला असता, ७८ सेंटिमीटर. उलट्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलते, पण त्याच्या वजनाइतकं बळ त्यातून मिळत नाही. म्हणजे तो पडतोच, कमी पडतो. फलंदाजाच्या डोळ्याला नेहमीच्या पडण्याची इतकी सवय असते की कमी पडलेला चेंडू त्याला उठलेला दिसतो.

प्रत्यंचा
सगळ्यांचे मनापासून आभार. गोळाफेकवाल्यांची ती मुलाची गोष्ट वाचून माझ्या प्रशिक्षकांना दाखवली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आज पहिल्यांदा ५० मीटर होतं. या वेळी पिनची जागा आधी कागदावर काढली. वेळ १.११ सेकंद, पडणं ६ मीटर ५ सेंटिमीटर, त्यात मोजपट्टींचे १२ मिळवले. ३० मीटरच्या खुणेपासून पिन ४ सेंटिमीटर खाली हवी असं आलं. पट्टी लावून तेवढीच सरकवली आणि प्रशिक्षकांना म्हटलं, पहिले तीन बाण काहीही न बदलता सोडू द्या.

५० मीटरवरून निशाण तळहाताएवढं दिसतं. धनुष्य इतकं वर उचललं गेलं की हे चुकतंय असंच हाताला वाटत होतं. तरी पिन पिवळ्यावर धरली आणि सोडलं. बाण वर जाताना दिसला, क्षणभर निशाणाच्याही वर होता, मग खाली वळला. १२२ सेंटिमीटरच्या कागदावर तिन्ही बाण लाल रंगात, पिवळ्याच्या बरोबर खाली. मध्यापासून २३ सेंटिमीटर. पिन आणखी ४ मिलिमीटर खाली घेतली आणि चौथा पिवळ्यात गेला.

हे ४ मिलिमीटर बहुतेक हवेचे असावेत. माझ्या गणितात बाण शेवटपर्यंत ४५ च्याच वेगाने जातो, खऱ्या बाणाचा वेग वाटेत कमी होतो, म्हणून तो थोडा जास्त वेळ पडत राहतो. शिवाय तिरकं सोडल्याने आडवा वेगही थोडा घटतो, तो मी धरला नव्हता. मोजपट्टी, या दोन्हींचा वाटा वेगळा काढायचा असेल तर कुठून सुरुवात करू? पुढच्या आठवड्यात मैत्रीण ५० मीटरवरही फ्रेम मोजून देणार आहे.